अप्पांची बॅटरी-पारख

बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत ड्रिलच्या बॅटऱ्या विकणारा असा एकही दुकानदार नसेल, ज्याचा हात आमच्या अक्काच्या सासऱ्यांना येताना पाहून शटरकडे गेला नाही. अप्पा ठाणाकुशनूरचे सुतार. वायरीवाचून चालणारं ड्रिल हातात आलं आणि माणूस त्या दिवसापासून कामातून गेला. रंधा, पटाशी यांच्यावर त्यांनी जन्मात दोन शब्द खर्च केले नाहीत. पण बॅटरीचा विषय निघाला की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा.

खरेदीला ते गुलबर्ग्याला येत, म्हणजे माझ्याच घरी, आणि पिशवीत बाभळीची एक फळी घेऊन. नवी बॅटरी त्या फळीत किती स्क्रू बसवते हे दुकानातच मोजायचं. चौकशी कन्नडमध्ये, भांडण दखनीत आणि शेवटचा निकाल मराठीत. नकली बॅटरी आतून पोकळ, म्हणून हलकी असते, हे त्यांचं ठाम मत, आणि मेलं ते खरंही निघायचं! पण तेवढ्यासाठी ती समोरच्या तूरडाळीच्या अडतीत नेऊन काट्यावर चढवायची? एकदा दुकानदार कुरकुरला, तर तारण म्हणून मलाच ठेवलं. "हे आमचं पाव्हणं. कालेजात शिकवत्यात. वजन करून येतो, तवर बसतील हितं." अर्धा तास बसलो की! एका गिऱ्हाइकानं मला पॉलिशपेपरचा भाव विचारला आणि मी तो अंदाजानं सांगूनही टाकला.

घ्यायची ती मोठ्यात मोठी, आणि जोडीनं: एक कामावर, एक चार्जरवर. मग तिचे लाड. लिथियमला ऊन सोसत नाही, म्हणून भर दुपारी छत्री पिशवीवर धरून स्वतः घामाघूम चालणारा हा इसम. अक्का वैतागायची, "अप्पा, तुमच्या डोस्क्याला ऊन लागत न्हाई व्हय?"

"डोस्कं जुनंच हाय गं. ही नवी हाय."

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्यानं दगा दिला. दाजी, म्हणजे त्यांचा मुलगा, हट्टाला पेटले. "बास झालं आता, अप्पा. आणखी एकदा जरी दमून बसलेलं दिसलाव, तर हत्यारं देऊन टाकतो बघा कुणाला तरी." पण काम सुटलं तर हा माणूस दिवसभर करणार काय?

दुसऱ्याच आठवड्यात अप्पा फळी घेऊन माझ्या दारात हजर! दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यांत लहान बॅटरी मागितली.

"अण्णा, ही लगेच उतरते," दुकानदार चकित होऊन म्हणाला. "निदान दोन तरी घ्या."

"एकच द्या."

"कामून अप्पा?" मी विचारलं.

"हलकी हाय. खांद्याला बरी."

मला पटलं. फळी पिशवीतून बाहेरच निघाली नाही, याचं मात्र नवल वाटलं.

महिन्याभरानं ठाणाकुशनूरला गेलो, तर अप्पा अंगणात शेजाऱ्याच्या दाराला बिजागऱ्या बसवत होते. चार स्क्रू झाले की थांबायचं, बॅटरी काढून चार्जरला लावायची आणि खाटेवर टेकायचं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते टेकले आणि नेमके दाजी शेतातून आले.

"अप्पा, दमलाव व्हय?"

"मी कशाला दमू? ब्याटरी उतरली."

बॅटरी अजून त्यांच्या हातातच होती. वर्षानुवर्षांच्या सवयीनं अंगठा बटणावर पडला, आणि किती चार्ज उरलाय ते सांगणारे चारही दिवे लख्ख लागले. अप्पा गडबडले. दाजी चपला काढत होते. मी झटकन पुढं झालो, दिव्यांवर हात ठेवून बॅटरी उचलली आणि चार्जरला लावली.

"लई टुकार ब्याटरी घेतली बघा अप्पांनी," मी दाजींना म्हणालो. "सारखी उतरायलीय."

दाजी कंपनीला शिव्या देत आत गेले. तोंड फिरवून मी उगीच चार्जरची वायर सारखी करत राहिलो. मागून अप्पा खांदा चोळत हळूच म्हणाले, "टुकार तर टुकार, पाव्हणं. पर काम करू द्यायलीय."