आईच्या दंडाचं माप

आईच्या दंडाला टेप गुंडाळला, तर तिने मूठ आवळून दंड फुगवला.

"आई, हात सैल सोड गं."

"सोडते कशाला? कमी भरले तर तुझंच नाव जायचं."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आहारशास्त्राची, आणि हे मी ताठ मानेने सांगते. गेल्या वर्षी सरावासाठी मोजला होता तोही हाच दंड. रीत सोपी आहे. दंडाचा घेर घ्यायचा, मागची कातडी मापाच्या चिमट्यात धरून चरबीची जाडी बघायची. घेरातून चरबीचा हिस्सा वजा केला की आत स्नायू किती उरला, त्याचा अंदाज येतो.

चरबी तेवढीच होती. स्नायू घटला होता. चिमटा चुकला असेल म्हणून पुन्हा मोजलं, तरी तेच.

याच दंडाने विटांची घमेली उचलली, म्हणून मी कॉलेजात बसले. माणूस असा आतून झिजत जातो, वरचा गिलावा शाबूत राहतो आणि रोज शेजारी बसून जेवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. परक्यांचे दंड मोजताना मला याची कधी भीती वाटली नव्हती.

"किती भरलं गं?"

मी टेप गुंडाळून ठेवला. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ," एवढंच म्हणाले.

आईने दंडावर पदर ओढला. "ब्लाउजच्या सैल झालेल्या बाह्यांना मी दिवाळीतच टीप मारून घेतली. तुझी परीक्षा होती, म्हणून बोलले नाही."