हरलेल्याने लिहायचं

लीगमधली माणसं त्याला बखरकार म्हणत, घरची धाकटा म्हणत आणि डॉक्टरीणबाई 'अहो कवळीवाले' म्हणत. तिन्ही हाकांना तो ओ देई, पण हाक पुरी व्हायच्या आधीच उठलेला असे. एका जागी बसणं त्या माणसाला जमायचंच नाही. दवाखान्याच्या मागच्या अरुंद खोलीत त्याचं काम चाले. पुढून बोळक्या तोंडांची मापं यायची, हा त्यांत प्लॅस्टर ओतायचा, मेणात दात रोवायचा, कवळी तयार झाली की घासून चकचकीत करून पुढे पाठवायचा. हात अगदी स्थिर, बाकी सगळा माणूस चुळबुळ. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत गप थांबावं लागतं, तेवढ्यात हा दारापर्यंत जाऊन येई, नळ बंद आहे का बघे, फोन काढून खिशात घाली आणि परत काढी.

फोनमध्ये ती लीग होती. ती काय भानगड आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होईल. लीग फुटबॉलची, पण तिच्यात खरा खेळाडू एकही नाही, मैदान नाही, घाम नाही. प्रत्येक सभासदाचा एक संघ. खेळाडू मनानेच तयार करायचे, त्यांना नावं द्यायची, सामन्याआधी कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार याचं पत्रक भरायचं. ठरल्या वेळी कॉम्प्युटर आपला आपण सामना खेळवतो आणि निकाल सांगतो. खेळाडू मोसमागणिक म्हातारे होतात, निवृत्त होतात, आणि त्यांच्या निरोपाला चांगले पोक्त बाप्ये डोळे पुसतात. हसा खुशाल. स्वतः घडवलेला गोलकीपर म्हातारा होताना ज्याने पाहिला नाही, त्याला हसायला काय जातंय.

या लीगचा एक नियम होता, तो दुसरीकडे कुठे नसेल. सामन्याचा वृत्तांत हरलेल्याने लिहायचा. जिंकलेल्याने एक अक्षर लिहायचं नाही, फक्त खालचं 'वाचलं' हे बटण दाबायचं, तेव्हा तो सामना नोंदला जाई. बरोबरी झाली तर दोघांनी मिळून एकच वृत्तांत लिहायचा आणि दोघांनी मान्य केल्याशिवाय तो चढायचा नाही. म्हणून बरोबरीचे वृत्तांत बहुतेक 'सामना झाला' एवढेच असत. त्याहून जास्त कशावर दोघांचं एकमत व्हायचंच नाही.

बखरकाराचा संघ 'अक्कलदाढ'. सतत वरच्या क्रमांकांवर. त्यामुळे सगळ्यांचे विक्रम, चषक, निवृत्त्या जपून ठेवणाऱ्या या माणसाला स्वतः लिहायची वेळ क्वचितच आली. आणि त्याच्याविरुद्ध सर्वांत जास्त वृत्तांत लिहिले ते 'हाफ क्लच' नावाच्या संघाच्या मालकाने. तो त्याचा सख्खा मोठा भाऊ.

दादा ड्रायव्हिंग शिकवायचा. शेजारी बसून दुसऱ्याच्या हातात गाडी देणारा माणूस, त्यामुळे घरी खुर्चीत बसला तरी त्याचा पाय फरशीवर ब्रेक शोधत असे. या दोघांचं बोलणं बंद होतं. वडील गेले त्या वर्षापासून. वडीलही कवळ्याच बनवत, आणि त्यांच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले होते, जन्मभर ज्यांची ज्यांची कवळी केली त्या सगळ्यांचे. खोली भाड्याची, रिकामी करून द्यायची होती. धाकटा कामावर असताना दादाने ते जबडे पोत्यांत भरले आणि कचऱ्याच्या गाडीत घातले.

"त्यातली निम्मी माणसं वर गेली," दादा म्हणाला होता. "ठेवून कुणाला दाखवणार होतास?"

"मग बाबांनाही पोत्यातच घालायचं होतंस," धाकटा म्हणाला.

बोलू नये ते बोलून गेला. ते मागे घेता आलं नाही आणि दुसऱ्याला गिळता आलं नाही. तिकडे दोघी जावा रोज फोनवर, कुणाचं काय दुखतंय इथपासून कुणाचा पडदा धुतला इथपर्यंत, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या तोंडाला कुलूप. लीग मात्र दोघांनीही सोडली नाही. आधी कोण सोडणार, हा प्रश्न होता ना.

मग व्हायचं असं. दादा हरायचा आणि लिहायचा. 'आज आमच्या बचावाची दाणादाण उडाली. डाव्या बाजूच्या खेळाडूचा गुडघा दुखतो. त्याच्या मालकाचाही दुखतो, पण त्याला बाकावर कोण बसवणार.' किंवा, 'आमच्या मालकाने नवी गादी घेतली. झोप जुनीच आहे.' धाकटा वाचायचा आणि 'वाचलं' दाबायचा. एकदा दादाने लिहिलं, 'मालकाच्या छातीत मध्यंतरी कळ आली होती, आता ठीक आहे, सामना आम्ही सपाटून हरलो.' तेव्हा या बाबाने ते बटण पुन्हा पुन्हा दाबलं, जणू दारच ठोठावतोय, आणि मग बायकोला म्हणाला, "वहिनींना सहज फोन कर. सहज."

"सहज म्हणजे कितपत घाबरून?" बायकोने विचारलं आणि फोन लावला.

एवढ्या एका बटणावर दोन भावांचं नातं चाललं होतं, आणि एक दिवस लीग चालवणाऱ्याने, ज्याला सगळे पंच म्हणत, सूचना लावली. आता हात चालत नाहीत, मुलीकडे राहायला चाललो, लीगचं मशीन बंद करतोय. येत्या रविवारी दुपारी शेवटचे सामने, संध्याकाळी सहाला सगळं पुसलं जाईल. ज्याला जे ठेवायचं ते त्याने उतरवून घ्यावं.

बखरकाराच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या दिवशी त्याने एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. डॉक्टरीणबाईंनी ती नुसती उचलून परत त्याच्यासमोर ठेवली. तो पानं उतरवायच्या मागे लागला. जेवताना एक हात ताटात, एक फोनवर. प्लॅस्टर घोळता घोळता एक पान, मेण वितळेपर्यंत दुसरं. आधी विजेत्यांची पानं, मग गोलांची, मग निवृत्तांची. झोपेतून उठून बसायचा आणि आपण तिसरा मोसम घेतला की नाही, असं बायकोला विचारायचा.

"मला माझं लग्न कुठल्या साली झालं ते आठवत नाही, मला काय विचारता," ती म्हणायची. मग कधीतरी तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "भावजींचं लिहिलेलं घेतलंत का?"

"सगळंच घेणार आहे."

"सगळंच नका सांगू. ते घेतलंत का?"

घेतलं नव्हतं. पुढे ढकलत होता. ती पानं उघडली की वाचत बसावी लागणार, आणि बसणं कुठे जमत होतं. पण त्या संध्याकाळी त्याने ती काढली. वृत्तांत आणि सोबत दोन्ही संघांची पत्रकं, त्याचा नियमच होता तो, दोन्ही जोडीने उतरवायचं. उतरवता उतरवता त्याचा हात थांबला.

दादाच्या संघात एक 'उंट' होता. लांब तंगड्यांचा, सगळ्या लीगला धडकी भरवणारा आघाडीचा खेळाडू. इतर संघांविरुद्ध तो प्रत्येक पत्रकात. अक्कलदाढविरुद्ध बाकावर. बखरकाराने पुढचं पान काढलं. बाकावर. मागचा मोसम काढला. बाकावर. उंट निवृत्त झाला, त्याच्या जागी 'पिल्लू' आला, तोही तसाच चांगला, आणि तोही याच एका संघाविरुद्ध बाकावर. कधी गोलकीपर पुढे खेळवलेला, कधी जखमी खेळाडू मुद्दाम उतरवलेला. इतर संघांना दादा घाम फोडायचा. या एकाच संघाशी हरायचा, कारण हरलेल्यालाच लिहायला मिळतं.

तो उठला, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. मग बायकोला सगळं दाखवलं.

ती म्हणाली, "म्हणजे तुमचे ते चषक?"

"चषक जाऊ दे खड्ड्यात," तो म्हणाला. "तो इतकी वर्षं माझ्याशी बोलत होता आणि मी नुसतं बटण दाबत होतो."

"मग फोन करा. हा घ्या."

त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. शब्द कुठून आणायचे? इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय म्हणायचं, कसा आहेस? ते तर त्याला दर वृत्तांतातून कळत होतं. मग त्याच्या डोक्यात आलं. शेवटचे सामने अजून व्हायचे होते, आणि त्याचा शेवटचा सामना हाफ क्लचशीच होता. आपण हरायचं. म्हणजे आपण लिहायचं, आणि 'वाचलं' दादाने दाबायचं.

आता बघा, जो माणूस एका चुकीच्या गोलाच्या नोंदीवरून पंचांशी महिनाभर वाद घालायचा, तोच लीगचा शेवटचा सामना मुद्दाम हरायला निघाला. त्याच्या जिवाला ते लागत होतं. पण त्याने पत्रक उघडलं, आपला लाडका 'सुळा' बाकावर बसवला, पुढची फळी सगळी मागे ओढली, गोलकीपरला आघाडीला पाठवलं आणि पत्रक देऊन टाकलं. मग मनातल्या मनात वृत्तांत लिहायला बसला, म्हणजे घरभर फिरायला लागला.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. फोनवर एकेक ओळ येत होती. चेंडू मध्यभागी. चेंडू बाहेर. चेंडू मध्यभागी. बायको शेजारी बसली होती आणि तिने त्याच्या हलत्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. कोणी गोलाकडे जाईचना. मध्यंतरात त्याने समोरच्या संघाचं पत्रक उघडलं. पिल्लू बाकावर. हाफ क्लचचा गोलकीपरही आघाडीला. दोन्ही गोल उघडे, आणि तिथवर चेंडू नेणारा एकही माणूस दोन्हीकडे नाही.

शून्य शून्य. बरोबरी.

"अहो, म्हणजे दोघांनी मिळून लिहायचं," बायको म्हणाली.

तो उठला. चपला घातल्या आणि निघाला. बस सिग्नलला थांबली तेवढंही त्याला सोसेना, मधेच उतरून चालत सुटला. दादाच्या घराखाली ती शिकवण्याची गाडी उभी होती, मागे 'शिकाऊ' लिहिलेली पाटी. दार वहिनींनी उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे जावेचा फोन आधीच पोचला होता.

"या भावजी. आत बसलेत. सकाळपासून त्यांचं काही खरं नाही."

दादा कॉम्प्युटरसमोर बसला होता. केस पार पिकले होते. हे मात्र त्याने कधी वृत्तांतात लिहिलं नव्हतं.

"सुळ्याला का बसवलंस?" दादाने मान न वळवता विचारलं.

"उंटाला का बसवायचास?"

यावर दादाचा पाय फरशीवर दाबला गेला. मग त्याने शेजारची खुर्ची ओढली. "बस. सहापर्यंत चढवायचंय. काय लिहू?"

"लिही, सामना झाला."

"तेवढ्यासाठी एवढ्या लांब आलास?" दादाने 'दोन्ही संघ' एवढं टाइप केलं आणि थांबला. "दोन्ही संघ वाईट खेळले?"

"वाईट नाही. मान्य नाही."

"मग मुद्दाम हरायला खेळले."

"ते लिहिलंस तर सगळ्या लीगचा इतिहास नासेल."

"मी इतकी वर्षं मुद्दाम हरलो, तुझ्या इतिहासाला काय धाड भरली," दादा म्हणाला, आणि हसू येता येता राहिलं. त्याने लिहिलेलं पुसलं. "एक विचारू? तेव्हा विचारायला हवं होतं. ते जबडे तुला कशाला हवे होते? माणसं गेलेली, दात गेलेले. तुला काय करायचं होतं त्यांचं?"

धाकट्याने खाली पाहिलं. त्याचा पाय हलायचा थांबला होता, त्यालाच ते नवल वाटलं.

"प्रत्येकाच्या तळाला बाबांनी पेन्सिलीने नाव लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "बाबांचं अक्षर दुसरीकडे कुठेच नाही रे आपल्याकडे. त्यांनी कधी काही लिहिलंच नाही. मी लहानपणी त्या तळांवरून अक्षरं गिरवायला शिकलो."

दादाने खुर्ची वळवली.

"मी एकही उलटा करून पाहिला नाही," तो म्हणाला. "तसेच घातले पोत्यात. एकही नाही पाहिला."

"मला माहीत होतं तुला माहीत नाही. तरी मी तसं बोललो."

मग दादा रडला. वयाने मोठा माणूस रडताना कुठे बघायचं ते कळत नाही, तसा धाकटा पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला आणि मग तोही रडला. वहिनी दारापर्यंत आल्या आणि तशाच मागे गेल्या. थोड्या वेळाने दादा विचारायला लागला की 'क' कसा काढायचे बाबा, आणि धाकटा टेबलावर बोटाने काढून दाखवायला लागला. पोट मोठं, शेपूट आखूड. दादा म्हणाला, माझाही तसाच येतो, बघ. मग गुडघा निघाला, गादी निघाली, छातीतली ती कळ निघाली, तेव्हा खरंच काय झालं होतं ते निघालं.

मान वर केली तेव्हा पडदा पांढरा होता. पंचांनी सांगितल्या वेळी मशीन बंद केलं होतं.

"गेलं?" दादाने विचारलं.

"गेलं."

"आणि आपला वृत्तांत?"

बखरकाराच्या संग्रहात आज ती सगळी लीग आहे, पहिल्या सामन्यापासून. फक्त शेवटच्या सामन्याच्या पानावर वृत्तांत नाही. तिथे त्याने स्वतः एक टीप घातली आहे, आणि ती घालण्याआधी दादाला फोन करून त्याची मान्यता घेतली आहे: 'निकाल शून्य-शून्य. वृत्तांत आला नाही. दोन्ही संघ बोलत बसले होते.'