आधी चंद्राची सावली

सूर्याच्या दिशेचा डेटा उघडला आणि मी खुर्चीतून उठून चक्क नाचले. आलेखात जिथे सपाट रेघ असायची, तिथे उंचवटा होता!

मी न्यूट्रिनो टेलिस्कोपवर काम करते. तो युरोपात समुद्राच्या तळाशी आहे. त्या आठवड्यात मी मात्र बिदरला, मैलूर भागातल्या आमच्या घरून काम करत होते. खोल पाण्यात प्रकाश टिपणारे काचेचे गोळे सोडलेले असतात. न्यूट्रिनो हा कण अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. क्वचित एखादा पाण्यात धडकतो आणि निळसर प्रकाश चमकतो. डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, सूर्याच्या पोटात साचत असेल, तर तिथून जास्तीचे न्यूट्रिनो यायला हवेत. ते अजून कुणाला सापडलेले नाहीत. चार वर्षं मी तेच शोधत होते.

आमच्या गटाची प्रमुख एलेना व्हिडिओ कॉलवर ओरडलीच, "चार वाजता सगळ्या टीमला दाखव!"

माझे वडील, अप्पा, जन्मभर तुरीच्या अडतीवर बसलेले. जेवायला घरी आले होते.

"कामून नाचायलीस गं?"

"अप्पा, सूर्याकडून माल आलाय! जास्तीचा!"

"व्हय? पासंग बघितलास का?"

पासंग म्हणजे रिकाम्या तराजूच्या दोन पारड्यांतला फरक. माल घालण्याआधी अप्पा तो बघणारच.

"बघितलाय की, मागच्या महिन्यात."

"ह्याच तराजूवर?"

आमचा पासंग म्हणजे चंद्र. अवकाशातून येणारे दुसरे, न्यूट्रिनोसारखे आरपार न जाणारे कण चंद्र अडवतो, त्यामुळे डेटात त्याची सावली पडते. सावली जागच्या जागी दिसली की टेलिस्कोपची दिशा बरोबर. ही तपासणी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केली होती. सूर्याचा प्रोग्रॅम चालवला होता घरच्या लॅपटॉपवर.

लॅपटॉपवर चंद्र लावला. सावलीचा पत्ता नाही. तासाभरानं चूक सापडली. डेटातली वेळ होती जागतिक, प्रोग्रॅम ती लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे भारतीय समजत होता. साडेपाच तासांचा फरक! ऑफिसच्या कॉम्प्युटरचं घड्याळ जागतिक वेळेवरच असतं, म्हणून तिथे ही चूक दिसली नव्हती. सूर्य समजून मी भलतीकडेच बघत होते आणि पृथ्वीच्याच हवेत तयार होऊन क्षितिजाकडून जास्त येणारे न्यूट्रिनो त्याच्या नावावर घालत होते.

वेळ दुरुस्त केली. आधी चंद्र. पडद्यावर गोल, काळसर डाग उमटला. समुद्राच्या तळाशी टिपलेली चंद्राची सावली, तीही आमच्या मैलूरच्या घरात! अंगावर काटा आला. अप्पांना हाताला धरून आणलं. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"व्हय की! आता घाल माल."

सूर्य लावला. सपाट रेघ.

चारला पाच मिनिटं होती. एलेनाला कॉलवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता दाखवणार काय?"

"सपाट रेघ. आणि तिच्या आधी चंद्र."

दाखवलं. सूर्यात डार्क मॅटर असलंच तर आमच्या टेलिस्कोपला दिसेल इतकं नाही, हेही उत्तरच असतं.

"काय निघालं?" अप्पांनी विचारलं.

"काहीच न्हाई."

"तराजू खरा हाय ना? मग ते न्हाई बी खरंच."

तेव्हापासून कॉम्प्युटर बदलला की मी आधी चंद्र बघते. नाचायचं ते नंतर.