नवसाबाईचा उजवा हात

नवसाबाई जेलीच्या पातेल्यात पळी फिरवते ती डाव्या हाताने. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होऊन एकमेकांना चिकटली आहेत, त्या हाताने ती फक्त पातेलं दाबून धरते. सातपूरच्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या कुणी विचारलं तर म्हणते, भाजला. मला मात्र एवढ्यावर विषय सोडून देता येत नाही. माझी पिठाची गिरणी तिच्या खोलीला लागून आहे, मधली भिंत एकच, आणि त्या भिंतीतून मी काय काय ऐकलंय ते माझं मला माहीत.

ती सुरगाण्याकडची. नवरा गोटीराम अंबडला एका वर्कशॉपात वेल्डर. माहेरी स्ट्रॉबेरीची शेती आहे. मऊ पडली म्हणून व्यापारी जी फळं बाजूला काढतो, ती तिचा भाऊ डबा भरून एसटीने पाठवायचा. एवढ्या फळांचं करायचं काय, म्हणून तिने जेली करायला घेतली. चायना ग्रास पाण्यात पार विरघळेपर्यंत उकळायचा, साखर घालायची, फळांचा गाळलेला गर घालून पुन्हा चटका द्यायचा आणि परातीत ओतून वड्या पाडायच्या. रंगाला बिटाचा तुकडा, आंबटपणाला लिंबू, बाटलीतलं काही नाही. दुकानातल्या जेलीसारखी ती ताणत नाही, दाताखाली आली की तुटते. स्ट्रॉबेरी संपली की करवंदाची, मग जांभळाची. गल्लीतली पोरं शाळेतून सुटली की घरी जायच्या आधी तिच्या दारात हजर. पुढे तिचे डबे अंबडपर्यंत जायला लागले.

गोटीराम मारायचा आधीपासूनच. मीठ कमी पडलं तरी मार, जास्त झालं तरी मार. पण जेलीला नाव मिळालं तसा त्याच्या हाताला जोर चढला. एकदा वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, अरे, तू त्या जेलीवालीचा नवरा ना? सगळे हसले. एवढंच झालं. पण हा गडी तसाच गाडीला किक मारून घरी आला.

तिने पातेलं नुकतंच खाली उतरवलं होतं. गोटीरामने तिचं उजवं मनगट धरलं, हात पातेल्यात खुपसला आणि तसाच दाबून ठेवला.

गिरणी चालू असताना मला शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, पण ती किंकाळी आली. मशीनचा जुना पट्टा हाताशी होता तो घेऊन मी धावले. मी आत गेले तरी त्याने हात सोडला नव्हता. पट्टा त्याच्या तोंडावर असा हाणला की कान फाटला. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. आणखी चार हाणायला हवे होते. तिचा हात नळाखाली धरला. नुसतं पाणी असतं तर ओघळून गेलं असतं, हा पाक बोटांना चिकटून आत आत भाजत राहिला होता. जेली सुटली, तिच्याबरोबर कातडीही सुटून आली.

पोलिसांत तक्रार दिली. तो जामिनावर सुटला आणि तडक तिच्या दारात येऊन उभा राहिला. दाराला लाथ घालून कडी तोडली, केसांना धरून तिला मोरीपर्यंत फरफटत नेलं. गल्लीतल्या चौघांनी मिळून त्याला बाहेर काढलं, तर जाताना म्हणतो कसा, "काडी मोडलीय का? नाय ना? मग बायको माझीच हाय."

त्यांच्या गावची रीत मला तेव्हा कळली. नवऱ्यापासून सुटायचं तर पंचांसमोर गवताची काडी मोडायची. ज्याला सुटायचंय त्याने स्वतःच्या दोन हातांनी. तोवर भाऊ बहिणीला घरात घेत नाही, गावातलं कुणी नवराबायकोच्या मधे पडत नाही. मी म्हटलं, वकील बघू, कोर्टात जाऊ. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोर्टाचा कागद त्याला अडवणार नाय, ताई. काडी अडवंल." पुढच्या वेळी तो तिला जिवंत ठेवणार नाही, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

तिने गावात देवरामबाबांना निरोप धाडला. पंचांत ते सगळ्यांत वडीलधारे. बैठकीला मी तिच्याबरोबर गेले. माणसं घोंगड्यांवर बसली होती, तिचा भाऊही त्यांच्यातच. गोटीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबांनी कारण विचारलं, तिने बँडेजचा हात वर केला. मग बाबांनी तिच्या हातात काडी दिली.

गोटीराम अगदी अदबीने म्हणाला, "दोन हातांनी मोडायची. एका हातानं नाय, दातानं नाय. रीत ती रीत." आणि हसला. कातडी धरेपर्यंत बोटं वाकवायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाबा खाली बघत म्हणाले, रीत तीच हाय. मी उठून सगळ्यांना चांगलंच झाडलं. परक्या बाईने मधे बोलू नये, असं मला सांगण्यात आलं.

नवसाबाईने दातांनी बँडेज ओढून काढलं. खाली कोवळी, गुलाबी कातडी. तिने काडी दोन्ही हातांत धरली, पण उजवी बोटं मिटेनात आणि काडी निसटून पडली. पुन्हा उचलली. काडी ओली होती, नुसती वाकायची, तुटायची नाही. मग तिने डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून काडीभोवती वळवली आणि जोर लावला. बोटांच्या मधली कातडी फाटली. रक्त काडीवरून तिच्या मांडीवर गळायला लागलं. तिने काडी पिळली, पिळली आणि एकदाची मोडली.

गोटीराम उठला आणि सवयीप्रमाणे त्याने तिच्या केसांत हात घातला. देवरामबाबांची काठी त्या मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "परक्या बाईला हात लावतोस?" बाबा म्हणाले. मग घोंगड्यांवरची सगळी माणसं उठली. लाथा, बुक्क्या, काठ्या. सगळ्यांत पुढे तिचा भाऊ. गोटीरामचे दात पडले, इस्त्रीच्या शर्टाच्या चिंध्या झाल्या, रांगत रांगत तो बांधापलीकडे गेला तरी पोरं मागून दगड मारत होती.

ती तिकडे बघतही नव्हती. मी पदर फाडून तिच्या हाताला बांधत होते. एकेक जण घाम पुसत परत आला आणि मला अभिमानाने सांगायला लागला, बघितलं ना बाई, आमच्याकडे बाईवर हात टाकलेला खपवून घेत नाहीत.

मला गोटीरामपेक्षाही त्यांचा राग आला.

"अन् हात भाजला तेव्हा ही कोण होती?" मी विचारलं.

तिचा भाऊ खाली मान घालून तिला दवाखान्यात न्यायला जीप आणायला गेला.