अण्णांच्या मागं कोण बसणार?

मोटारसायकलवाल्यांचे किस्से कुणी ठरवून सांगत नाही. टपरीवर एकानं दुसऱ्याच्या टायरकडं नुसतं बघितलं तरी एखादा बाहेर पडतो आणि मग चहा गार! आमच्या सांगलीच्या रविवारच्या टोळक्यात तर इतके साठलेत, की कुठला कुणाचा यावरनंच भांडणं लागतात.

*

आमच्यात तोंड नंतर बघतात, मागचा टायर आधी. टायर मधेच झिजलेला आणि कडा कोऱ्या, म्हणजे गडी वळणावर गाडी कलवायला घाबरतो. मग दिवसभर टिंगल! आमचा मेडिकलवाला सुभाष याला वैतागला होता. एका रविवारी आला तो टायरची कड मस्त झिजवून. आम्ही चाट! पण फौजेतनं रिटायर झालेले कांबळे सुभेदार, आमचे उस्ताद, ते वाकले आणि दुसरी कड बघितली. कोरी करकरीत! पठ्ठ्यानं पॉलिश पेपरनं टायर घासला होता, आणि गाडी भिंतीला लावलेली म्हणून पलीकडची कड राहून गेली होती.

"का रं गड्या," सुभेदार म्हणाले, "आजवर निस्तं डावीकडंच वळत आलास व्हय?"

*

सुभेदारांनी मग सुभाषला शिकवायला घेतलं. "वळणावर जिथं बघशील तिथं गाडी जाती. वळण जिथं सुटतंय तिथं बघ." सुभाषनं मान डोलवली. पुढच्याच वळणावर भज्यांचा गाडा होता. सुभाषची गाडी रस्ता सोडून सरळ गेली आणि गाड्याला टेकूनच थांबली.

गाडेवाल्यानं झारा वर धरून विचारलं, "किती प्लेट?"

*

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं हो. आमचे सुकुमार अण्णा हळदीचे व्यापारी. त्यांनी भारीतले टायर घातले आणि पद्मावहिनींना मागं बसवून फलटणला निघाले. कारखान्याजवळच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांनी वावरातला चिखल डांबरावर आणून टाकलेला. अण्णा वेगात शिरले आणि घाबरून ऐन वळणात ब्रेक दाबला. दोघंही आडवे! वहिनींचं मनगट मोडलं.

"टायर तर नवा हुता गं!" अण्णा रडकुंडीला आले.

"टायर बदललासा," वहिनी कण्हत म्हणाल्या, "चालवणारा तोच ठेवलासा!"

त्यानंतर वहिनींनी त्या गाडीला हात लावला नाही.

*

लोणंदच्या लग्नाला वहिनी निघाल्या एसटीनं आणि अण्णा एसटीच्या मागनं गाडीवर! स्टँड आला, की अण्णा थांबायचे आणि खिडकीत बघायचे. वहिनी तोंड फिरवायच्या. शेवटी कंडक्टर उतरला.

"पाव्हणं, आत या की! तेवढ्यासाठी गाडी कशाला दमवताय?"

आम्ही हे ऐकून हसलो खरे, पण अण्णांचं रिकामं मागचं सीट बघून वाईटच वाटायचं.

*

एक दिवस अण्णा स्वतःच सुभेदारांकडं गेले. "मला पैल्यापास्नं शिकवा. तिला माज्या मागं बसायला भ्या वाटू नये." सुभेदारांनी बाजाराच्या मोकळ्या मैदानात विटा मांडून वळणं आखली आणि मागच्या सीटवर ताकानं भरलेली बिनझाकणाची किटली बांधली. "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात धक्का न्हाई. किटली न्हाई, वहिनी हायत समजा!" पहिल्या रविवारी अण्णांची पाठ ताकानं निथळत होती. पण गडी हटला नाही.

हे वहिनींच्या कानावर गेलंच. "मी काय ताकाची किटली हाय व्हय?" म्हणून आठवडाभर अबोला!

*

तरीपण कासची फुलं बघायला निघालो, तेव्हा साताऱ्यात वहिनी एसटीतनं उतरल्या आणि आपणहून अण्णांच्या मागं बसल्या. आम्ही बघतच राहिलो. वर जायला घाट आहे, एवढंच त्यांना माहीत.

"घाट लागला की गाडी थांबवायची. मी उतरून चालत येणार. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले.

आम्ही मागं होतो. अण्णा एकेक वळण आधीच वेग कमी करून अलगद घेत होते. वहिनींचं बहिणीच्या सुनेवर जे बोलणं चालू झालं, ते काय थांबेना. हातवारेसुद्धा! आमचाच जीव मुठीत. घाट चढून सपाटीला लागलो आणि टपरीवर थांबलो.

वहिनींनी हेल्मेट काढलं, साडी सारखी केली.

"आवं, घाटाच्या आधी थांबलासा ते बरं केलंसा. आता हितनं चालायचं न्हवं?"

सुभाष काहीतरी बोलणार, तोच सुभेदारांनी त्याचा पाय दाबला.

"अजून लांब हाय घाट," अण्णा म्हणाले. "तू चहा घे आधी."