शरदची मिशी

शरद गेल्याचं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. त्याच्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर साबण होता. सायखेड्याचा माणूस, काही कामानं नाशिकरोडला आलेला. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ते नाय का, बाप जिता असताना मिशी काढली होती ज्यानं... ते पोरगं गेलं बरं का. काल उरकलं सगळं." उरकलं! मी वस्तरा खाली ठेवला, मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन त्याचा दुसरा गाल पुरा केला. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाइकाला उठवायचं नसतं, एवढ्याच कारणानं तो माणूस माझ्या खुर्चीत बसून राहिला. घरच्यांनी मला निरोप दिला नाही. आणि तिशीही न गाठलेल्या माणसाच्या आयुष्यातून गावानं काय उचललं, तर एक मिशी!

आता महिना उलटून गेला. या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर लेख येतात हे मला ठाऊक आहे, दुकानात मीच ते वाचून दाखवतो. मी सातवी अर्धी सोडलेला. पण शरदच्या गावी, सायखेड्याच्या पारावर, त्याच्या मिशीवरून जे चाललंय ते ऐकून गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो.

मी वाशीमकडचा. सत्तरच्या दशकात, मिसरूडही फुटलेलं नसताना, आतेमामा मला नाशिकरोड स्टेशनाजवळच्या कटिंगच्या दुकानात सोडून गेला. दोन वर्षं मी केस झाडले, वाट्या धुतल्या, फुग्यावर साबण लावून वस्तरा फिरवायला शिकलो. पुढे माणसाचा गाल लागतो आणि तो कोणी देत नाही. मालक म्हणायचा, "याच्या हाताला कापरं आहे." होतंच. घर दूर, भाषा वेगळी, जरा चुकलं तर हाकलतील अशी धास्ती रात्रंदिवस... हात कापणार नाही तर काय? तेव्हा शरद येऊन माझ्यापुढे बसला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर नुकताच लागला होता. मान मागं टाकून म्हणाला, "घे वऱ्हाड्या. कापलं तर कापलं, आमच्या कंपनीत मलमपट्टी फुकट हाये." तीन ठिकाणी कापलं. वर्तमानपत्राचे कपटे गालाला चिकटवून तो तसाच ड्यूटीवर गेला आणि दोन दिवसांनी परत माझ्याच खुर्चीत आला. मालकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "याचा हात हलका हाये." मला खुर्ची मिळाली ती त्या खोट्या बोलण्यावर. पुढं खोली त्याच्या ओळखीनं मिळाली, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची सवय त्यानंच लावली. मी अडखळलो की म्हणायचा, "काऊन थांबला बे?" माझीच बोली, माझ्याच अंगावर! अख्खं दुकान हसायचं. मीही हसायचो. या शहरात माझं बूड टेकलं ते त्याच्यामुळे.

त्याच्या जबड्याखालची गाठ दाढी करतानाच माझ्या बोटाला लागली. "दाढ दुखतीय, त्याची असंल," म्हणाला. पुढं मुंबई झाली, किरणं झाली, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं. घरच्यांनी घरी नेलं नाही. धाकट्या बहिणीची स्थळं येत होती आणि ओसरीवर कॅन्सरचा पेशंट दिसला की स्थळं परत जातात, हा हिशेब. शहराबाहेर, फुलांच्या मळ्यांपलीकडे, मिशनच्या सिस्टर अशा बऱ्या न होणाऱ्या माणसांसाठी एक घर चालवतात. तिथं खिडकीजवळची खाट मिळाली. शरदला सांगितलं, "हवापालट हाये."

सोमवारी आमची दुकानं बंद, म्हणून मी सोमवारी जायचो. तिथं भेटायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि खरं सांगतो, त्या खाटांवरच्या माणसांपेक्षा मला यांचीच कीव जास्त आली... नाही, कीव नाही, किळसच. मोसंब्या आणायच्या आणि बोलता बोलता स्वतःच सोलून खायच्या. पेशंटच्या उशाशी बसून द्राक्षांच्या छाटणीवर वाद घालायचा. कंपनीतले मित्र घोळक्यानं यायचे, एकमेकांच्या खांद्यामागं उभे राहायचे आणि "काय शरद, मजा हाये, झोपून पगार!" म्हणून मोकळे व्हायचे. शरदचा मामा तर त्यांचा बादशहा. भावकीतल्या कुणाचं तरी दहावं रामकुंडावर होतं, ते उरकून ओल्या धोतरानं तो इकडे आला. "नाशकात आलोच होतो, म्हटलं भाच्यालाही बघून जावं," असं शरदच्या तोंडावर म्हणाला. एका फेरीत दोन्ही कामं! वर शरदचा हात दाबून, "तोंडावर तेज आलंय हां. पंधरा दिवसांत खडखडीत." शरदनं माझ्याकडे पाहिलं. तो गेल्यावर म्हणाला, "वऱ्हाड्या, मामाच्या धोतराचं पाणी पूस रे. माझ्या नावचं एवढ्यात नको."

अशातच एका सोमवारी त्यानं आरसा मागितला. त्याची मिशी म्हणजे दुकानातला विषय होता, भरघोस, टोकं वळवलेली. मुंबईच्या औषधांनी ती एका बाजूनं पार गळाली होती, डोक्यावर पुंजके राहिले होते, आणि उशीवर पडलेले केस मानेला टोचून त्याला झोप लागत नव्हती. "कसर लागलेली सतरंजी दिसतोय मी," म्हणाला. "चकोट कर. डोकं, मिशी, सगळं."

मी आरसा पालथा ठेवला. बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो, म्हणून बाप असताना तिला वस्तरा लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात. आणि त्याचे वडील, अण्णा, धडधाकट होते, माझ्या मालकाच्या ओळखीचे होते. मी म्हणालो, "शरदभाऊ, अण्णा हायेत ना..."

"हायेत. मग त्यांना सांगतो. पुढच्या सोमवारी सामान घेऊन ये."

त्यानं खरंच सांगावा धाडला. तीन महिने ज्या अण्णांना सायखेड्याहून यायला बस मिळत नव्हती, त्यांना त्या सोमवारी जीप मिळाली! मी पिशवी घेऊन पोहोचलो तर अण्णा आणि मामा खाटेच्या दोन बाजूंना उभे. लेकाची शुद्ध हरपली तेव्हा अण्णा आले नव्हते, त्याला पाणी गिळवेना तेव्हा आले नव्हते, मिशीसाठी आले.

"ती पिशवी बाहेर ठेव," मामा मला म्हणाला.

अण्णांचा आवाज चढलेला. "मी मेलो नाय अजून, शरद. लोकं काय म्हणतील मला?"

"मामा," शरद हळू बोलत होता, त्याला जोर नव्हता, "मी बरा होणार ना?"

"म्हणजे काय! पंधरा दिवसांत..."

"मग पंधरा दिवसांत मिशी पण येईल. करू द्या की त्याला."

मामानं खिडकीबाहेर पाहिलं. "तसं नसतं रे..."

"मग कसं असतं?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा कुशीवर वळून बघायला लागला. "अण्णा, तुमच्यासाठी मिशी काढायची पाळी माझ्यावर येणार नाय. तुम्ही मागं राहणार. हे तुम्हाला ठाऊक, मामाला ठाऊक, ह्या वऱ्हाड्याला ठाऊक. मलाच तेवढं कोणी सांगत नाय. एकदा म्हणा ना, की पोरा, तू चालला. मग नाय काढत मिशी. तशीच घेऊन जातो."

खोटं सांगत नाही, मी तेव्हा मनात देवाला म्हणालो, आता तरी बापानं म्हणावं. सौदा सोपा होता. तीन-चार शब्द. मामा म्हणाला, "जीपवाला खोळंबलाय," आणि चालता झाला. अण्णांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि बोलले ते माझ्याशी. "तुझ्या मालकाला मी ओळखतो. ध्यानात ठेव."

पिशवी माझ्या हातातच होती. खुर्ची गेली तर वाशीमला काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात. तेवढ्यात सिस्टर गरम पाण्याचं भांडं घेऊन आल्या. त्या केरळच्या, मराठी जेमतेम. अण्णांना बाजूला सारून म्हणाल्या, "गरम आहे. लवकर कर. पेशंट थकते." मी शरदकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते. मी ब्रश भिजवला.

अण्णा व्हरांड्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. उजवीकडची मिशी आधी काढली, मग ते डावीकडचे चार केस, मग डोकं. चामडी इतकी पातळ झाली होती की वस्तऱ्याला भार देता येईना. सगळं झाल्यावर पुसून आरसा धरला. दहावीतल्या पोराचा चेहरा होता तो. शरदनं टाळूवरून हात फिरवला. "आता माणसात आलो," म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला झोप लागली. कितीतरी दिवसांनी मानेला टोचणारं काही उरलं नव्हतं.

अण्णा आत आले. जरा वेळ बघत राहिले. मग आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्यांनी झोपलेल्या शरदच्या डोक्यावर बसवली आणि बोडक्यानंच निघून गेले. ती टोपी गारवा लागू नये म्हणून होती की दुसऱ्या कोणी बघू नये म्हणून, यावर मी पुष्कळ विचार केला. लोकांनी बघू नये म्हणूनच, असं मी ठरवलंय. मला तेच बरं पडतं.

त्या आठवड्यात तो गेला. दहाव्याला मी रामकुंडावर लांब उभा होतो. चुलतभाऊ ओळीनं बसले होते, सुतकात चालतं म्हणून मिश्या उतरत होत्या, आणि मामा कोरड्या धोतरात लोकांना सांगत होता, "शेवटपर्यंत हसतमुख होता हो पोरगा. आम्ही त्याला काही कळूच दिलं नाय." लोक माना हलवत होते. मला काढून टाका असा अण्णांचा निरोप मालकाकडे आला होता, ते मला नंतर कळलं. मालक म्हणाला, "मी सांगितलं, खुर्ची दुकानाची हाये, सायखेड्याची नाय." तो माणूस एरवी मला धड चहा देत नाही.

सोमवारी अजूनही पिशवी भरली जाते, हाताला सवय झालीय. सिस्टर आता मला काही विचारत नाहीत, स्टूल पुढं करतात. खिडकीजवळच्या खाटेवर सध्या कळवणकडचे एक मास्तर आहेत, बोलणं बंद झालेले, दाढी गळ्यापर्यंत वाढलेली. परवा त्यांचा जावई आला होता, मोसंब्यांची जाळी घेऊन. मला बघून म्हणाला, "आज सोमवार. सोमवारी दाढी करत नाहीत आमच्यात. आणि सासूबाईंना विचारायला हवं आधी."

मास्तरांनी हनुवटी वर केली. मी साबण लावला.