शेवंतीची मान

जळकोटच्या बाजारपेठेत भीमाशंकर कोऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, भांड्यांचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. अप्पांच्या गळ्यात मानेचा पट्टा आला आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घोडी आली. गावानं दोन्हींचा संबंध ताबडतोब जोडला. "घोडी घेतली अन् अप्पाची मान ताठ झाली," असं लोक म्हणू लागले. पट्ट्यामुळे अप्पांना खरोखरच कुणापुढं मान लववता येत नव्हती, त्यामुळे ते खुलासा करायला जात तेव्हा आणखीच गर्विष्ठ दिसत. शेवटी त्यांनी खुलासा करणं सोडलं. खरं सांगायचं तर ताठ दिसायला त्यांना आवडायलाही लागलं होतं.

हे दुखणं कशानं आलं, असं लातूरच्या डॉक्टर वर्षाराणी मॅडमनी विचारलं, तेव्हा अप्पा चेहरा गंभीर करून म्हणाले, "भांड्यांवर नावं घालून घालून. जन्मभर वाकून काम केलं."

"नावं मशीन घालते वो," शेजारी बसलेली गुरम्मा म्हणाली. "हे दिसभर मोबाइलात नाचरे घोडे बघून राहतेत."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. मान वळवून बायकोकडे रागानं बघायची सोयही राहिली नव्हती.

गुरम्माचं माहेर कर्नाटकातल्या औरादचं. घरात कानडी, शाळा कानडी, त्यामुळे मराठीत कुठला शब्द बाई आणि कुठला बाप्या याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती 'चहा केली' म्हणे, 'भात शिजली' म्हणे. लग्न झाल्यापासून अप्पा तिला दुरुस्त करत आले होते आणि ती लग्न झाल्यापासून त्यांना चहा देत आली होती. दोघांनीही आपापलं काम कधी चुकवलं नाही.

घोडीचं मूळ होतं बसव जयंतीच्या मिरवणुकीत. मिरवणुकीच्या पुढं मानाचा घोडा चालतो, आणि तो वर्षानुवर्षं अप्पांच्या चुलतभावाचा, आडतवाल्या महादेवप्पाचा असे. महादेवप्पा फेटा बांधून घोड्याशेजारी चाले आणि अप्पा मागं भांडी दिलेल्या देणगीदारांत चालत. एका वर्षी घोड्यानं मध्येच जी घाण केली, तिच्यात नेमका अप्पांचा पाय पडला. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की आता पुढंच चालायचं.

म्हणून माळेगावच्या यात्रेत ते घोडी घ्यायला गेले. घोड्याचे दात बघतात हे त्यांना मोबाइलामुळे माहीत होतं. त्यांनी दात बघितले, त्यातलं काही कळलं नाही, तरी 'हं' म्हणाले. घोडीनं त्यांच्या टोपीचा वास घेतला, तीही काहीतरी 'हं' केल्यासारखं फुरफुरली, आणि व्यवहार ठरला. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी. गुरम्मानं तिचं नाव शेवंती ठेवलं.

शेवंती स्वभावानं चौकस निघाली. शेड आणि दुकान यांच्यामध्ये अर्धं दार होतं. त्यावरून ती मान आत घालून गल्ल्यावर ठेवायची आणि गिऱ्हाईक बघत बसायची. कळशीवर कळशी आपटली की तिचे कान उभे राहत, पाय जागच्या जागी हलत. बायका हंडा घ्यायच्या निमित्तानं तिला बघायला येऊ लागल्या. अप्पा आल्यागेल्याला सांगत, "नाच तिच्या रक्तातच हाय."

जयंतीच्या समितीपुढं आता दोन घोडे झाले. समितीनं वाद नको म्हणून तोडगा काढला: सिंगणवाडीच्या जत्रेत घोडे नाचवायची स्पर्धा होते, तिथं ज्याचा नंबर वर, त्याला मान. तेव्हापासून गुरम्मा रोज विचारू लागली, "अवो, मान मिळाली का?"

"मिळाला म्हण," अप्पा सांगत. "मान मिळाला. मिळाली म्हटलं की ही मिळती," आणि गळ्यातल्या पट्ट्यावर बोट ठेवत.

स्पर्धेसाठी त्यांनी अर्धापूरकडचा एक चाबूकस्वार आणला, श्रीमंत नावाचा. घोडे शिकवणं हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. त्यानं शेवंतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाय हायत. मान न्हाई. आधी मान आली पायजे, अप्पा. मान आली की मान आला समजा."

हे वाक्य अप्पांना इतकं आवडलं की दिवसभर त्यांनी ते गिऱ्हाइकांना ऐकवलं.

मान आणायची रीत अशी होती. तोंडात काटेरी कडी घालायची, तिला पट्टा बांधायचा, तो पुढच्या पायांमधून नेऊन पोटाखालून बांधलेल्या तंगाला आवळायचा. मग घोडीला मान उचलता येत नाही, हनुवटी छातीला लागते, गळ्याची कमान होते. त्या पट्ट्याला जेरबंद म्हणतात. चोर जेरबंद झाल्याचं अप्पा रोज पेपरात वाचत आले होते. जेरबंद ही खरोखरची वस्तू असते, ती दुकानात मिळते आणि आपण ती विकत आणली आहे, याची त्यांना फार गंमत वाटली. शेवंतीनं काय चोरलं होतं, हा प्रश्न काही त्यांना पडला नाही.

"दुखत नसंल ना रे?" त्यांनी एकदा विचारलं होतं, नाही असं नाही.

"दुखणं न्हाई ते, अदब हाय," श्रीमंत म्हणाला. "माझ्या बापानं असंच शिकवलं, त्याच्या बापानं बी."

अदब हा शब्द असा आहे की तो ऐकल्यावर पुढं विचारायला जीभ उचलत नाही. शेवंतीच्या तोंडाला फेस येऊ लागला. फेस आला म्हणजे घोडी खुशीत आहे, असं श्रीमंतनं सांगितलं, अप्पांनी मानलं. मग फेस गुलाबी येऊ लागला.

"गाजर खाल्लं असंल," अप्पा म्हणाले.

"गाजर मी दिलीच न्हाई," गुरम्मा म्हणाली.

"दिलंच न्हाई म्हण," अप्पा म्हणाले, आणि दुरुस्तीच्या नादात मुद्दा बाजूला पडला. तो बाजूला पडावा अशीच त्यांची इच्छा होती. शेवंती आता दारावरून मान आत घालत नव्हती. कळशा वाजल्या तरी कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची. शिस्त लागली, असं अप्पा म्हणत.

पुढच्या खेपेला लातुरात मॅडमनी मानेला ताण द्यायला सांगितलं. अप्पांना खाटेवर निजवलं, हनुवटीखालून पट्टा घेतला, तो डोक्यामागं नेऊन वजनाला जोडला. "दुखलं की सांगा बरं, काका," असं म्हणून सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं गेली.

दुखलं. पण सांगायचं कशानं? पट्ट्यानं जबडा गच्च मिटला होता. अप्पांनी 'ऊं' केलं, ते भिंतीवरच्या रेडिओत बुडून गेलं. डोळ्यांपुढं फक्त छत होतं. हात उचलला तर मानेतून कळ जाई. मोकळे होते ते पाय. अप्पांनी टाचा खाटेवर आपटायला सुरुवात केली.

"अगं बाई, बघा तरी!" सिस्टर ओरडली. "काका गाण्यावर ताल धरून राहिले!"

सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. अप्पांनी जिवाच्या आकांतानं टाचा आणखी जोरात आपटल्या, तसं हसणं वाढलं. ओठांच्या कडेतून लाळ गळून कानात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर एवढे लोक खूश झाले होते.

औषधं घेऊन आलेल्या गुरम्मानं दारातूनच बघितलं. "शिवशिवा! नाचून न्हाई राहिले वो ते, दुखायलंय त्यांना!" म्हणत तिनं धावत येऊन वजन उचलून धरलं.

अप्पा एसटीनं जळकोटला परतले. घरी आल्यावर सरळ शेडमध्ये गेले. शेवंतीचा ओठ हळूच उचलून बघितला. आत, जिभेच्या कडेला, गाजर नव्हतं. अप्पांना रडू आलं. पट्ट्यामुळे खाली बघता येईना, म्हणून ते पत्र्याकडं बघत रडले.

इथं एखाद्या चांगल्या माणसानं तिथल्या तिथं जेरबंद कापला असता. अप्पा तेवढे चांगले नव्हते. त्यांनी श्रीमंतला भीत भीत विचारलं, "काढून टाकायचं का रे?"

"काढतो की," श्रीमंत म्हणाला. "मंग मैदानात तुमी नाचा."

अप्पांच्या डोळ्यांपुढं महादेवप्पाचा फेटा आला. बरीच घासाघीस होऊन जेरबंद एक भोक सैल करायचं ठरलं. अप्पांची सगळी भूतदया त्या एका भोकात मावली.

सिंगणवाडीच्या मैदानात कर्ण्यावरून घोषणा झाली: "काटेरी लगाम वापरण्यास सक्त मनाई आहे!" ती ऐकून सगळ्या मालकांनी घोड्यांच्या तोंडापुढचे रंगीत गोंडे जरासे पुढं ओढले. अप्पांनीही ओढले. महादेवप्पाचा घोडा नाचला, शाबासकी मिळाली. मग शेवंतीचं नाव पुकारलं गेलं. श्रीमंतनं दोर धरला, हलगी कडाडली, आणि शेवंती अशी नाचली की बायाबापड्या उभ्या राहिल्या. गळ्याची कमान, छातीला टेकलेली हनुवटी, टापांची नुसती सरबत्ती. महादेवप्पाचं तोंड उतरलेलं अप्पांना लांबून दिसलं. मान आता हातात आला होता, फक्त मूठ मिटायची बाकी होती.

"बघा मंडळी!" निवेदक कर्ण्यावर ओरडला, "घोडी कशी ताल धरून राहिली!"

अप्पांचा जबडा आपोआप गच्च मिटला. टाचांत कळ आली. टाळ्या वाढत होत्या आणि शेवंतीचे पाय आणखी जोरात आपटत होते, आणि ती काय सांगते आहे ते त्या अख्ख्या मैदानात एकट्या भीमाशंकर कोऱ्यांना कळत होतं. ते दोन्ही हात वर करून आत घुसले. हलगी थांबली.

"अप्पा, काय करून राहिलात? जिंकलो आपण!" श्रीमंत ओरडला.

अप्पा घोडीच्या छातीशी पोचले, पण पट्ट्यामुळे त्यांना खालचं बक्कल दिसेना. त्यांनी गळ्यातला पट्टा ओढून काढला. त्याचा चर्रर्र आवाज निवेदकाच्या माइकमधून मैदानभर गेला. मग ते वाकले, जेरबंद सोडला, आणि काटेरी कडी तिच्या तोंडातून हळूहळू बाहेर घेतली.

शेवंतीनं मान जमिनीपर्यंत खाली सोडली, फुरफुरली, आणि तोंड अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं. हलगी पुन्हा सुरू झाली. शेवंती हलली नाही. "घोडी रुसली काय, अप्पा?" निवेदकानं विचारलं आणि मैदान खो खो हसलं. शेवंती स्पर्धेतून बाद झाली.

तेवढ्यावर भागलं नाही. वाकलेल्या अप्पांची मान तिथंच आखडली, वर येईना. हनुवटी छातीला लागलेली, तशा अवस्थेत त्यांना महादेवप्पासमोरून जावं लागलं. ताठ मानेच्या अप्पाला मान खाली घालून जाताना अख्ख्या गावानं बघितलं. श्रीमंत गोंड्यांसकट कडी पिशवीत टाकून रागानं निघून गेला. तो ती दुसऱ्या कुठल्या तरी घोड्याच्या तोंडात घालणार हे अप्पांना माहीत होतं.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अप्पा गल्ल्यामागच्या बाकावर आडवे झाले. गुरम्मा शेकायला तव्यावर मीठ गरम करून आणत होती. येता येता तिचा धक्का लागून एक कळशी खाली पडली, घणघणली. शेडमध्ये टापा वाजल्या. अर्ध्या दारावरून शेवंतीनं मान आत घातली, जरा थांबली, आणि गल्ल्यावर ठेवली.

दिवसभर घरीच असलेल्या गुरम्माला मैदानातलं काहीच कळलेलं नव्हतं. मिठाची पुरचुंडी नवऱ्याच्या मानेवर दाबत तिनं विचारलं, "अवो, मान मिळाली का?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं अप्पांनी दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग त्यांनी गल्ल्याकडं बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "मिळाली."